स्कॉटलंडचा पब: बंदी घालता घालता घडलेली जागा

रात्री नऊची घंटा झाल्यावर जो कुणी गुत्त्यात सापडेल त्याची रवानगी थेट कोठडीत, असा कायदा स्कॉटलंडच्या संसदेने १४३६ साली केला. राजा होता पहिला जेम्स. याच राजाने दहा-बारा वर्षं आधी गावोगावी प्रवाशांच्या खाण्यापिण्याची आणि घोडे बांधायची सोय झालीच पाहिजे, असा हुकूम काढला होता. आधी जागा उघडायला लावायची आणि मग तिथे बसणाऱ्याला उठवायचं, हा खेळ तेव्हा जो सुरू झाला तो जवळजवळ सहाशे वर्षं चालू आहे. आज स्कॉटलंडला जाणारा माणूस ज्याला अस्सल जुना पब म्हणून दाद देतो, तिथल्या बऱ्याच गोष्टी परंपरेपेक्षा या कायद्यांची देणगी आहेत. अगदी ग्लासातल्या व्हिस्कीचं वयसुद्धा.

सुरुवातीला व्हिस्कीचा गुत्त्याशी फारसा संबंध नव्हता. सामान्य माणूस एल प्यायचा, म्हणजे जवापासून घरगुती पद्धतीने केलेली बिअर, आणि ती बनवायच्या बायका. १५०९ साली ॲबर्डीनमध्ये एल बनवून विकणाऱ्या दीडशेहून जास्त जणांची नोंद आहे, आणि त्या सगळ्या स्त्रिया होत्या. ॲबर्डीनकडे पुन्हा यायचंच आहे, तेव्हा हे लक्षात असू द्या. खानदानी मंडळी फ्रान्सहून येणारी क्लॅरेट वाइन प्यायची. इंग्लंडच्या विरोधात फ्रान्स आणि स्कॉटलंड यांचं जुनं सख्य होतं, त्यामुळे एडिंबराजवळच्या लीथ बंदरात वाइनची पिंपं सतत उतरत.

व्हिस्कीचा सगळ्यात जुना कागदोपत्री उल्लेख १४९४ सालचा. राजा चौथा जेम्स याच्या हिशेबवहीत ‘ॲक्वा व्हिटे’ (लॅटिनमध्ये जीवनजल, म्हणजे व्हिस्की) बनवण्यासाठी फ्रायर जॉन कॉर याला आठ बोल माल्ट दिल्याची नोंद आहे. बोल हे धान्याचं जुनं माप, आणि माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. हे पेय तेव्हा औषधात जमा होतं. १५०५ मध्ये एडिंबरा शहरात ते बनवण्या-विकण्याचा मक्ता न्हावी-शल्यवैद्यांच्या संघटनेला मिळाला, तो त्यामुळेच. बाकी व्हिस्की उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये शेतकरी आपापल्या घरी गाळत. उरलेला जव सडण्यापेक्षा गाळलेला बरा, आणि चोथा गुरांना घालता येतो, असा तो साधा हिशेब.

मग कर आला. स्कॉटलंडच्या संसदेने १६४४ मध्ये पहिल्यांदा दारूवर अबकारी बसवली. १७०७ मध्ये इंग्लंडशी एकत्रीकरण झालं आणि लंडनचे अबकारी अधिकारी गावोगाव हिंडू लागले. १७२५ मध्ये माल्टवर कर लागला तेव्हा ग्लासगोत दंगल पेटली, एका खासदाराचं घर लोकांनी लुटलं. माल्ट महाग झालं की एल महाग होते. चोरून गाळलेल्या व्हिस्कीला मात्र कर माहीतच नव्हता. व्हिस्की डोंगरातून खाली शहरात उतरली ती अशी, कराला बगल देत. कवी रॉबर्ट बर्न्स १७८९ पासून अबकारी खात्यात नोकरीला होता आणि संध्याकाळी डम्फ्रीजच्या ग्लोब इनमध्ये बसायचा. दिवसा चोरटी दारू पकडायची आणि रात्री दारूवर कविता करायच्या; स्कॉटलंडचा हा सर्वांत लाडका कवी या देशाचं दारूशी असलेलं नातं एकटाच सांगून जातो. ग्लोब इन अजून चालू आहे.

चोरटी व्हिस्की किती उजळ माथ्याने वावरत होती, हे १८२२ मध्ये दिसलं. राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला आणि त्याच्यासाठी ग्लेनलिव्हेटची व्हिस्की मागवली गेली. त्या खोऱ्यात तेव्हा परवाना असलेली एकही भट्टी नव्हती! पुढच्याच वर्षी नवा कायदा झाला: कर कमी, आणि दहा पौंडांत परवाना. १८२४ मध्ये जॉर्ज स्मिथने ग्लेनलिव्हेटमध्ये पहिला परवाना घेतला, तेव्हा चोरट्या भट्टीवाल्या शेजाऱ्यांनी त्याला जिवे मारायच्या धमक्या दिल्या. बरीच वर्षं तो कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरत असे.

यानंतरचा मोठा बदल घडवला किराणा दुकानदारांनी. जॉनी वॉकर हे नाव मुंबई-पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. तो जॉन वॉकर किल्मार्नकचा किराणावाला होता, १८२० मध्ये दुकान उघडलेला. ॲबर्डीनचे शिव्हास बंधूही किराणावालेच. एनियस कॉफी या निवृत्त अबकारी अधिकाऱ्याने १८३० मध्ये सलग चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं होतं. तिच्यातून मका-गव्हासारख्या धान्यांची हलकी, स्वस्त धान्य-व्हिस्की भराभर निघायची. १८६० च्या कायद्याने कर भरण्याआधी, गोदामातच माल्ट आणि धान्य-व्हिस्की एकमेकांत मिसळायची मुभा दिली. डोंगरातली उग्र व्हिस्की आणि ही हलकी व्हिस्की यांचं मिश्रण शहरी जिभेला मानवलं, आणि पबच्या काउंटरमागे पिंपांची रांग उभी राहिली. पिंपं ठेवायच्या त्या मांडणीला ‘गँट्री’ म्हणत. आज तिथे बाटल्या असतात, नाव तेच राहिलं.

बिअरचंही बस्तान एव्हाना बसलं होतं. एडिंबराच्या जमिनीखालचं पाणी एलसाठी नामी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या एका शहरात तीसेक ब्रुअरीज होत्या. तिथली पेल एल जहाजाने भारतापर्यंत यायची, गोऱ्या पलटणींसाठी. स्कॉटिश एलला तिच्या पिंपाच्या किमतीवरून साठ, सत्तर, ऐंशी शिलिंग अशी नावं पडली. शिलिंग १९७१ मध्ये चलनातून गेलं, तरी ‘ऐंशी शिलिंग’ अजून मागता येते.

आता पबच्या रूपाकडे. १८५३ च्या फोर्ब्स मॅकेन्झी कायद्याने स्कॉटलंडभर रात्री अकराला पब बंद आणि रविवारी दिवसभर कुलूप, असा नियम केला. इंग्लंडला तो लागू नव्हता. पळवाट एकच: हॉटेलात प्रवाशाला रविवारीही पेय मिळे. प्रवासी म्हणजे ‘बोनाफाईड’ प्रवासी, लांबून आलेला. झालं! रविवारी दुपारी माणसं जामानिमा करून शेजारच्या गावात चालत जायची, हॉटेलच्या वहीत नाव-गाव लिहायची आणि निवांत बसायची. शेजारच्या गावची माणसं त्याच वेळी इकडे आलेली असायची. ही पळवाट शंभर वर्षांहून जास्त टिकली.

पबला परवाना देणारे मॅजिस्ट्रेटही कडक, ग्लासगोतले तर विशेष. आडोशाच्या खोल्या नकोत, मालकाला उभ्या जागेवरून प्रत्येक गिऱ्हाईक दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यातून खोलीच्या मधोमध बेटासारखा काउंटर आणि भोवती उभी गिऱ्हाइकं, ही स्कॉटिश पबची खास मांडणी रूढ झाली. ग्लासगोच्या हॉर्सशू बारमधला नालाच्या आकाराचा काउंटर शंभर फुटांहून लांब आहे. पाठीला पाठ लावून उभी असलेली अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागतात, त्या मोकळेपणाचं आज कौतुक होतं. मॅजिस्ट्रेटांच्या मनात होती ती पाळत.

दारूबंदीवाले दुकान नीच ठरवायला निघाल्यावर मालकांनी ते देखणं करून उत्तर दिलं. साधारण १८८० ते १९१० या काळात कोरीव महोगनी, नक्षीच्या काचा, भिंतभर आरसे असे पब उभे राहिले. एडिंबराच्या कॅफे रॉयलमध्ये डोल्टन कारखान्याच्या रंगीत टाइल्सची मोठी चित्रं आहेत. जेम्स वॉट, फॅरडे, बेंजामिन फ्रँकलिन असे संशोधक आपापल्या कामात गढलेले, आणि त्यांच्यासमोर कालवं खात बसलेली माणसं. १९६० च्या दशकाच्या शेवटी हा पब पाडून तिथे दुकान वाढवायचं घाटत होतं. लोकांनी ओरड केली म्हणून तो वाचला. त्याच शहरातल्या टॉलक्रॉस भागातल्या बेनेट्स बारमध्ये काउंटरवर अजून पितळेचे छोटे नळ आहेत, व्हिस्कीत हवं तेवढंच पाणी आपल्या हाताने घालता यावं म्हणून. व्हिस्कीत पाणी घालणं कमीपणाचं मानणाऱ्या आपल्याकडच्या जाणकारांनी ते जरूर पाहावेत.

दारूबंदीची चळवळ १८२९ पासून ग्रीनकच्या जॉन डनलॉपने रुजवली होती. तिचं सर्वांत मोठं यश म्हणजे १९१३ चा कायदा: आपल्या वॉर्डात पब ठेवायचे, कमी करायचे की साफ बंद करायचे, हे मतदार ठरवणार. महाराष्ट्रात उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. १९२० पासून मतदानं झाली. बहुतेक ठिकाणी बाटली उभीच राहिली, पण काही गावं कोरडी झाली. किल्सिथ आणि कर्किंटिलॉक १९६० च्या दशकापर्यंत कोरडी होती. अगदी उत्तरेचं विक हे हेरिंग मासळीचं बंदर १९२२ ते १९४७ कोरडं राहिलं, आणि त्यातली पहिली आठ वर्षं गावातली पल्टनी डिस्टिलरी मात्र धडधडत होती. गाळा, पण पिऊ नका! १९२२ मध्येच डंडीत दारूबंदीवादी एडविन स्क्रिमजरने विन्स्टन चर्चिलला निवडणुकीत पाडलं.

काही खाणकामगारांच्या वस्त्यांनी मधला मार्ग काढला. स्वीडनच्या गोथेनबर्ग शहराच्या धर्तीवर पब काढायचा, भागधारकांना पाच टक्क्यांवर नफा द्यायचा नाही, उरलेला पैसा वाचनालय, बाग, मैदान यांना. न्यूटनग्रेंजचा डीन टॅव्हर्न (१८९९) आणि प्रेस्टनपॅन्सचा ‘गॉथ’ (१९०८) हे यातले नावाजलेले. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा प्रयोग वाटतो. पिणाऱ्याच्याच पैशाने त्याच्या मुलांसाठी वाचनालय उभारण्यात सरळ व्यवहार आहे, आव नाही.

पहिल्या महायुद्धात सरकारात संपूर्ण दारूबंदीचाही विचार चालला होता. तडजोड म्हणून १९१५ मध्ये व्हिस्की किमान दोन वर्षं पिंपात मुरवण्याची सक्ती आली, लगेच ती तीन वर्षं झाली. आज ‘स्कॉच’ म्हणवून घ्यायला तीन वर्षं लागतात, तो नियम इथला. व्हिस्कीत पाणी वाढवून तिची तीव्रता उतरवली गेली तीही याच युद्धात. ४० टक्क्यांचा आकडा तेव्हापासून रुळला. १९१५ च्याच एका हुकमाने दुसऱ्याला पाजणं गुन्हा ठरलं, म्हणजे प्रत्येकाने आपलंच बिल भरायचं. आणि १९१६ मध्ये ग्रेटनाच्या दारूगोळा कारखान्याभोवतालचे पब सरकारने सरळ ताब्यात घेतले. ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारीच होते.

त्यानंतरचा मोठा काळ रुक्ष. रात्री दहाला दारं बंद, म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांत माणसं घशात ओतायची. ‘हाफ अँड अ हाफ’, म्हणजे व्हिस्कीचा छोटा पेग आणि सोबत अर्धा पाइंट बिअर, ही उभ्याने प्यायची जोडी त्या घाईत फार सोयीची होती. बसायला जागा नाही, खायला काही नाही, बाईमाणसाला बऱ्याच ठिकाणी प्रवेश नाही. डॉ. क्लेसन या क्षयरोगतज्ज्ञाच्या समितीने १९७३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अशा निर्बंधांनी पिणं कमी होत नाही, वाईट होतं. १९७६ च्या कायद्याने वेळ वाढली आणि सव्वाशे वर्षांनी रविवारीही पब उघडायची वाट मोकळी झाली.

ॲबर्डीनचा ‘द ग्रिल’ हा पब फक्त पुरुषांचा होता. १९७३ मध्ये शहरात कामगार संघटनांचं अधिवेशन भरलं असताना महिला प्रतिनिधी थेट आत घुसल्या आणि त्यांनी पेयं मागितली. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याने अशा बंदीचं बूड काढलं, तरी ग्रिलमध्ये स्त्रियांसाठी स्वच्छतागृह झालं ते १९९८ मध्ये. ज्या शहरात एल बनवणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या, त्या शहराची ही गोष्ट.

गँट्रीवर ओळीने मांडलेल्या सिंगल माल्टच्या, म्हणजे एकाच डिस्टिलरीतल्या निव्वळ माल्ट व्हिस्कीच्या, बाटल्यांना पर्यटक हटकून प्राचीन समजतो. पण ग्लेनफिडिकने सिंगल माल्ट देशाबाहेर जोर लावून विकायला सुरुवात केली १९६३ मध्ये. त्याआधी बहुतेक माल्ट मिश्रणातच जायचं. पबमधलं फिडल (व्हायोलिन) आणि गाणंही साधारण त्याच काळातलं. एडिंबराच्या विद्यापीठात १९५१ मध्ये लोकपरंपरांचा अभ्यास करणारी संस्था निघाली, आणि गाणी गोळा करणारी मंडळी जवळच्या सँडी बेल्समध्ये जमू लागली. तिथे आजही वाद्यं घेऊन माणसं येतात.

निर्बंध काही थांबलेले नाहीत. २००६ पासून धूम्रपान बंद, २००९ पासून ‘हॅपी अवर’ बंद, २०१४ पासून गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी, २०१८ पासून दारूला किमान किंमत. शेवटच्या कायद्याचा रोख दुकानातल्या स्वस्त दारूवर आहे. गाडीच्या मर्यादेचा फटका मात्र खेड्यातल्या पबना बसला. काही गावांनी पब स्वतःच विकत घेतले. नॉयडार्ट द्वीपकल्पावरच्या ‘ओल्ड फोर्ज’ला रस्त्याने जाता येत नाही, मलेगहून बोट नाहीतर अठराएक मैल डोंगर तुडवणं, तो २०२२ मध्ये गावकऱ्यांनी घेतला.

त्याच २०२२ मध्ये भारत स्कॉचच्या बाटल्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक ठरला, त्या वर्षी २१ कोटी ९० लाख बाटल्या. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या व्यापार करारात १५० टक्क्यांचं आयात शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. तिकडे जाणाराने इतकं ध्यानात ठेवावं: वेटरची वाट न पाहता काउंटरवर जाऊन मागायचं, पैसे बहुधा तिथेच द्यायचे, आणि कुणी आपल्याला पाजलं तर पुढची फेरी आपली. आता तो गुन्हा नाही. पेग २५ किंवा ३५ मिलीचा असतो, त्या पबात कोणता ते पाटीवर लिहिलेलं असतं. आपला तीस मिलीचा स्मॉल तिकडे मिळत नाही.