टी शॉट : मानसिक तयारी आणि डावपेच

गोल्फमध्ये सुरुवातीच्या जागेपासून (टी) झेंडा रोवलेल्या खड्ड्यापर्यंतच्या मैदानाच्या एकेका भागाला होल म्हणतात, आणि प्रत्येक होलची सुरुवात ज्या फटक्याने होते त्याला टी शॉट म्हणतात. १८ होलच्या फेरीत असे १८ फटके येतात. पार म्हणजे होल पुरे करायला अपेक्षित फटके. पार-४ आणि पार-५ होलवर टी शॉट बहुधा ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने, म्हणजे काठीने) किंवा त्याहून थोड्या आखूड फेअरवे वुडने मारले जातात, तर पार-३ होलवर बहुधा आयर्न (धातूच्या पातळ पात्याचा क्लब) घेऊन चेंडू थेट ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, उतरवायचा असतो. चेंडू कुठे पाडायचा, कोणत्या क्लबने आणि किती धोका पत्करून, हे ठरवणे हा टी शॉटचा डावपेच. आणि ते ठरल्यावर मनातल्या शंका मिटवून फटका मारणे ही मानसिक तयारी. शिकवताना या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या जातात, पण टीवर उभे राहिल्यावर त्या सुट्या राहत नाहीत. डाव मनाला पुरता पटलेला नसेल तर ऐन वेळी हात आखडतो आणि उत्तम आखलेला डावही फुकट जातो. ड्रायव्हर घ्यावा की ३-वुड (एक फेअरवे वुड), अशा दुविधेत मारलेला फटका त्या दोहोंपैकी कुठल्याही ठाम फटक्यापेक्षा वाईट ठरतो.

फटक्याचे वेगळेपण

इतर फटके चेंडू जिथे जाऊन थांबला तिथून खेळावे लागतात. टी शॉटची जागा मात्र खेळाडू स्वतः निवडतो. दोन टी मार्करांच्या पुढच्या कडा जोडणारी रेषा आणि तिच्या मागे दोन क्लब-लांबीपर्यंतची आयताकृती जागा, एवढ्यात चेंडू कुठेही ठेवता येतो. पाय त्या जागेबाहेर असले तरी चालतात. टी-पेग (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) ४ इंचांपर्यंत लांब असू शकतो, चेंडू नुसता जमिनीवर ठेवूनही मारता येतो आणि मारण्यापूर्वी तो पेगवरून घरंगळला तर दंड लागत नाही.

इतकी मोकळीक असूनही बहुतेक हौशी खेळाडू दोन मार्करांच्या बरोबर मध्ये पेग रोवून मोकळे होतात. जाणकार खेळाडू आधी टीच्या दोन्ही टोकांना जाऊन पाहतो, कारण चार पावले सरकल्यावर समोरचे होल निराळे दिसते. उजवीकडे पाणी असेल किंवा हद्दीचे पांढरे खुंट असतील, तर पेग उजव्या टोकाला रोवायचा आणि तिथून धोक्यापासून दूर, डावीकडे जाणारी रेषा धरायची. डावीकडे धोका असेल तर याच्या उलट. नवख्याला हे उफराटे वाटते, कारण भीतीने तो पाण्यापासून लांबच्या टोकाला जाऊन उभा राहतो आणि तिथून त्याची रेषा नेमकी पाण्याकडे वळते.

दुसरे वेगळेपण वेळेचे. अंगावर येणाऱ्या चेंडूवर बॅट फिरवताना विचाराला सवड नसते; टीवर ती नको इतकी असते. चेंडू स्थिर असतो, बरोबरचे खेळाडू गप्प उभे राहून पाहत असतात आणि या रिकाम्या क्षणांत मन मागच्या होलवर किंवा पुढच्या संकटावर जाऊन बसते.

कुठे मारायचे

होल ग्रीनकडून टीकडे वाचत यावे, असा जुना आणि आजही खरा असलेला सल्ला आहे. झेंडा ग्रीनच्या कोणत्या बाजूला आहे, त्याच्याकडे जाणारी वाट फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कोणत्या अंगाने मोकळी आहे आणि दुसरा फटका किती अंतरावरून मारायला आवडेल, हे ठरले की टी शॉटचे लक्ष्य आपोआप अरुंद होते. मैदानाचे रचनाकार हाच प्रश्न मुद्दाम घालतात. सी. बी. मॅकडॉनल्ड यांनी नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका या मैदानावर साकारलेले ‘केप’ होल त्याचा प्रसिद्ध नमुना आहे : पाणी तिरके पसरलेले असते, जितका जास्त कोन कापावा तितका पुढचा फटका सोपा होतो, आणि अंदाज चुकला तर चेंडू पाण्यात जातो.

लक्ष्य ठरवताना आपल्या सर्वोत्तम फटक्याचा नव्हे, तर नेहमीच्या विखुरण्याचा विचार करावा लागतो. चेंडू २५० यार्ड गेला आणि दिशा ५ अंशांनी चुकली, तर तो लक्ष्यरेषेपासून सुमारे २२ यार्ड बाजूला पडतो. म्हणजे लक्ष्य हा बिंदू नसून एक पट्टा आहे, आणि तो पट्टा कमीत कमी नुकसानीच्या जागी बसवायचा असतो. सगळ्या चुका सारख्या महाग नसतात. रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) गेलेला चेंडू तिथून खेळता येतो. पाण्यात गेला तर एका फटक्याचा दंड भरून पुढे कुठेतरी ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हातातून सोडून तिथून खेळता येते. हद्दीबाहेर गेला किंवा ३ मिनिटांच्या शोधात सापडला नाही, तर दंड आणि अंतर दोन्ही जातात. पुन्हा त्याच टीवरून मारलेला फटका तिसरा मोजला जातो. एका बाजूला रफ आणि दुसऱ्या बाजूला हद्द असेल, तर फेअरवेच्या मधोमध निशाणा धरणे हा चुकीचा हिशेब आहे. निशाणा रफच्या बाजूला सरकवायलाच हवा.

याचा अर्थ ड्रायव्हर पिशवीत ठेवणे म्हणजे शहाणपण, असा मात्र नाही. कोलंबिया विद्यापीठातील मार्क ब्रॉडी यांनी फटक्यागणिक नोंदी घेऊन केलेल्या विश्लेषणातून दिसले की टीवरून मिळवलेले जास्तीचे अंतर बऱ्याचदा फेअरवे गाठण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते. फटका इतरांच्या सरासरीपेक्षा किती सरस ठरला हे मोजणाऱ्या त्यांच्या ‘स्ट्रोक्स गेन्ड’ पद्धतीचा वापर पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेने २०११ पासून पटिंगसाठी (ग्रीनवरच्या फटक्यांसाठी) सुरू केला आणि २०१६ पासून टी शॉटसाठीही केला. दुसऱ्या बाजूला टायगर वुड्सने २००६ची ओपन (ब्रिटनमधील मोठी स्पर्धा) रॉयल लिव्हरपूलच्या मैदानावर जिंकली तेव्हा चार फेऱ्यांत ड्रायव्हर एकदाच वापरला. उन्हाने कडक झालेल्या जमिनीवर आयर्नचे फटकेही लांब घरंगळत होते आणि फेअरवेमधल्या बंकरांत (वाळूच्या खड्ड्यांत) अडकणे सर्वांत महाग पडत होते. तो भित्रेपणा नव्हता, त्या मैदानाचा त्या आठवड्यातला अचूक हिशेब होता.

मास्टर्स ही स्पर्धा जिथे होते त्या ऑगस्टा नॅशनल मैदानाचे बारावे होल हेच पार-३च्या बाबतीत दाखवते. लांबी फक्त १५५ यार्ड, पण ग्रीन आडवे आणि उथळ, समोर रेज क्रीक हा ओढा आणि वारा सतत फिरणारा. २०१६च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी आघाडीवर असलेल्या जॉर्डन स्पीथने इथे दोन चेंडू पाण्यात घालवले, ७ फटके घेतले आणि स्पर्धा डॅनी विलेटने जिंकली. २०१९च्या शेवटच्या फेरीत आघाडीवरच्या फ्रान्चेस्को मोलिनारीचा चेंडू पाण्यात गेला. त्याच्याच गटातल्या वुड्सने उजवीकडच्या झेंड्याकडे न पाहता ग्रीनच्या मध्याच्या डावीकडे, बंकरच्या वरून चेंडू उतरवला, पार घेतला आणि पुढे स्पर्धा जिंकली.

विचार कुठे संपवायचा

पिया निल्सन आणि लिन मॅरियट या प्रशिक्षकांनी यासाठी मांडलेली कल्पना फार उपयोगाची आहे. चेंडूच्या मागे एक काल्पनिक रेषा आखायची. रेषेमागे विचार : वारा, अंतर, क्लब, लक्ष्य. रेषा ओलांडली की फक्त खेळ. पलीकडे गेल्यावर शंका आली तर तशीच दामटायची नाही. मागे येऊन पुन्हा ठरवायचे. हे पाळायला वाटते त्यापेक्षा बरेच अवघड आहे, कारण चार माणसे पाहत असताना मागे फिरण्याची लाज वाटते. ती लाज झटकणे हाही तयारीचाच भाग आहे.

पूर्वीचा महान खेळाडू जॅक निकलसची पद्धत आजही जवळजवळ सर्व व्यावसायिकांत कुठल्या ना कुठल्या रूपात दिसते. चेंडूमागे उभे राहून तो फटका आधी मनात पूर्ण पाहायचा : चेंडू कुठे थांबला, तिथवर कोणत्या वळणाने गेला आणि कोणत्या स्विंगने (क्लब फिरवण्याच्या हालचालीने) गेला. मग लक्ष्यरेषेवरच, चेंडूच्या काही फूट पुढे, एखादे वाळलेले पान किंवा तुटलेला पेग हेरायचा. दोनशे यार्डांवरच्या झाडाकडे क्लबचा चेहरा रोखणे कठीण. तीन फुटांवरच्या पानाकडे सोपे. आधी क्लबचा चेहरा त्या खुणेकडे, मग पाय, एकदा-दोनदा क्लब हलवून मनगटे सैल, लक्ष्याकडे शेवटची नजर आणि स्विंग. गोल्फचे नियम आपली पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा असे सुचवतात. सवयीचा क्रम त्यात सहज बसतो, आणि शेवटची नजर व स्विंग यांच्यात जितका कमी वेळ जाईल तितके बरे.

स्विंग चालू असताना मनात काय असावे? गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवख्यांवर केलेल्या प्रयोगात हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक पडले. मुरलेल्या खेळाडूचा स्विंग अंगवळणी पडलेला असतो. दडपणाखाली तो कोपर आणि मनगट तपासू लागला की तो क्रम तुटतो. नकारार्थी सूचनाही अशीच घातक असते. ‘पाण्यात नको’ म्हणताना डोळ्यांपुढे पाणीच येते. ‘त्या बंकरच्या उजव्या कडेवरून’ ही सूचना मनाला जायला जागा देते.

पहिल्या टीवरची धडधड मोठमोठ्या खेळाडूंनाही चुकलेली नाही. ती घालवण्याच्या मागे लागण्यापेक्षा दोन-तीन लांब उच्छ्वास टाकावेत, स्विंगची लय सरावातल्याइतकीच संथ ठेवावी आणि सर्वाधिक भरवशाचा क्लब घ्यावा. धडधड आणि खोलवर रुजलेली भीती यांत मात्र फरक करायला हवा. १९९१चा ओपन विजेता इयन बेकर-फिंचने १९९५ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या पहिल्या टीवरून, जिथे पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे मिळून प्रचंड रुंद आहे, चेंडू डावीकडे हद्दीबाहेर मारला. १९९७च्या ओपनमध्ये त्याने तब्बल ९२ फटक्यांची फेरी खेळून माघार घेतली. अशा अवस्थेला चार श्वास पुरत नाहीत, दीर्घकाळ मदत लागते.

निकाल आणि निर्णय

२००६च्या यूएस ओपनमध्ये विंग्ड फूटच्या शेवटच्या होलवर एका फटक्याने पुढे असलेल्या फिल मिकलसनने ड्रायव्हर घेतला. चेंडू डावीकडे तंबूवर आदळला, डबल बोगी (पारपेक्षा दोन फटके जास्त) झाली आणि जेफ ओगिल्व्ही विजेता ठरला. त्या दिवशी त्याचा ड्रायव्हर मुळीच सरळ जात नव्हता, म्हणून या निर्णयावरची टीका रास्त आहे. १९९९च्या ओपनमध्ये कार्नूस्टीच्या मैदानावर तीन फटक्यांनी पुढे असलेल्या जाँ व्हॅन डी व्हेल्डेलाही अठराव्या टीवर ड्रायव्हर घेतल्याबद्दल बोल लावला जातो. मात्र त्याचा चेंडू शेजारच्या सतराव्या होलवर खेळता येण्याजोग्या जागी थांबला होता आणि ६ फटकेही जिंकायला पुरेसे होते. खरे नुकसान २-आयर्नच्या दुसऱ्या फटक्याने केले. शेवटी ७ लागले आणि बरोबरी झाल्याने घेतलेल्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. चेंडू कुठे थांबला यावरून टीवरचा निर्णय पारखला, तर खेळाडू पुढच्या वेळी चुकीचाच धडा घेऊन उभा राहतो.

ही पारख सर्वांत लवकर करावी लागते ती प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) चेंडूच्या वेळी. पहिला चेंडू हद्दीबाहेर गेल्याची किंवा हरवल्याची शक्यता दिसली, की तो शोधायला पुढे जाण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारता येतो. राग अजून हातात असतो आणि तोच क्लब मुठीत असतो. निर्णय बरोबर होता, फक्त स्विंग बिघडला, असे वाटत असेल तर तोच क्लब ठीक आहे. मुळात रेषाच चुकीची धरली होती असे कळले असेल तर पिशवीपर्यंत जावे, दुसरा क्लब काढावा आणि चेंडूमागे जाऊन सगळा क्रम पहिल्यापासून करावा.