यकृतातला पाटकरी

साक्रीजवळच्या आमच्या गावी भाच्याने रक्तदान केलं आणि काही दिवसांनी त्याला निरोप आला, रक्तात हेपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणू निघाला आहे. घरात पहिला विचार एकच झाला: काविळीची माळ घालून आणा. माळ घातली. तिसऱ्या दिवशी ती छातीवरून बेंबीपर्यंत उतरली, तेव्हा कुठे बहिणीच्या जिवात जीव आला.

ती माळ मी हातात घेऊन पाहिली. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले असतात. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात आणि दोरा लांबतो. खुंटीला टांगली असती तरी ती तेवढीच लांबली असती. अन्नपाण्यातून होणारी हेपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि नाव माळेचं होतं. बी चं तसं नाही. तो डोळे पिवळे न करताही यकृतात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो आणि काहींना कर्करोगापर्यंत नेतो.

कसा नेतो? एक वाट सरळ आहे. विषाणूशी लढताना यकृताच्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, पुन्हा मरतात. वर्षानुवर्षांच्या या डागडुजीत व्रण साठून सिरॉसिस होतो आणि पेशींच्या नकला काढताना चुका वाढतात. शिवाय विषाणू स्वतःच्या डीएनएचे तुकडे आपल्या पेशींच्या डीएनएमध्ये घुसवतो. पण मला वेड लावलं आहे ते तिसऱ्या वाटेने, मायक्रोआरएनएच्या.

पांझरा नदीवरची पाणीवाटपाची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लवकर समजेल. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, पण कुठल्या फडाला, म्हणजे शेतांच्या पट्ट्याला, किती द्यायचं आणि दार कधी बंद करायचं, हे पाटकरी बघतो. पेशीत डीएनए हा बंधारा. त्यातून संदेशवाहक आरएनएचे पाट निघतात आणि त्या संदेशांवरून प्रथिनं पिकतात. मायक्रोआरएनए म्हणजे इथला पाटकरी. जेमतेम २२ अक्षरांचा हा तुकडा स्वतः कुठलंच प्रथिन बनवत नाही. सुरुवातीची सात-आठ अक्षरं जुळणारा संदेश दिसला की त्याला चिकटतो आणि ते दार लावून घेतो. १९९३ साली एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत तो पहिल्यांदा सापडला. त्याबद्दल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

यकृतात अशा पाटकऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकाच जातीचे आहेत, मिर-१२२. त्यांनी लावून ठेवलेल्या दारांपैकी एक आहे सायक्लिन जी१ या प्रथिनाचं. हे प्रथिन वाढलं की पी५३ दबतं, आणि बिघडलेल्या पेशीला वाढण्यापासून रोखणारा पी५३ हा आपला मोठा राखणदार.

आता विषाणू काय करतो पाहा. त्याच्या स्वतःच्या आरएनए संदेशांवरही मिर-१२२ ला चिकटता येईल अशा जागा आहेत. लागण झालेल्या पेशीत हे संदेश भरमसाट तयार होतात. पाटकरी त्यांच्यावरच जाऊन बसतात, तिथेच अडकून पडतात, आणि खऱ्या पाटांची दारं उघडी राहतात. स्पंज पाणी शोषून घेतो तसं हे. वर विषाणूचं एक्स नावाचं प्रथिन नवे मिर-१२२ तयार होणंही कमी करतं. सायक्लिन जी१ वाढतं, पी५३ दबतं. पी५३ हा विषाणूच्या वाढीलाही आवर घालत असतो. तो दबला की विषाणू वाढतो, त्याचे संदेश वाढतात आणि आणखी पाटकरी अडकतात. चक्र सुरूच.

एवढ्याने कर्करोग होऊ शकतो का? उंदरांमधून मिर-१२२ चं जनुकच काढून टाकलं, तेव्हा त्यांच्या यकृतात आधी चरबी साठली, मग व्रण आले आणि पुढे गाठी झाल्या. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे विषाणू नव्हताच, फक्त पाटकरी नव्हता. गंमत म्हणजे हेपॅटायटिस सी चा विषाणू याच मिर-१२२ ला अंगरख्यासारखा वापरून स्वतःचा बचाव करतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. बुरशी लागलेल्या भुईमुगात आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन असतं आणि ते पी५३ च्या जनुकावरच घाव घालतं. बी ची लागण असलेल्याला ते कितीतरी पटीने घातक. काळपट, कडू दाणा चटणीत वाटू नका, फेकून द्या.

मायक्रोआरएनएने कर्करोग बरा होणार, अशा बातम्यांनी मात्र हुरळून जाऊ नका. मिर-३४ या दुसऱ्या मायक्रोआरएनएची नक्कल औषध म्हणून यकृताच्या कर्करोगात तपासली गेली होती. रुग्णांच्या प्रतिकारशक्तीवर गंभीर दुष्परिणाम दिसल्याने २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. आज हाताशी आहे ती विषाणूला दाबणारी टेनोफोव्हिरसारखी गोळी, दर सहा महिन्यांची सोनोग्राफी आणि लस.

भाच्याला मी धुळ्याला तपासणीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी आधी बायको-मुलांची चाचणी करायला सांगितली. तान्हेपणी लागण झाली तर सुमारे ९५ टक्के वेळा ती कायमची राहते, मोठेपणी झाली तर ५ टक्क्यांहूनही कमी. भाच्याचा जन्म १९९३ चा, आणि ही लस देशभर सरकारी लसीकरणात आली २०११ मध्ये. त्याच्या धाकटीच्या कार्डावर मात्र जन्माच्या दिवशीच लस टोचल्याची नोंद आहे, आणि तिची चाचणी निगेटिव्ह आली.