वारा न लागलेलं झाड

भाच्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्याचं अर्धं अंग कपाटात होतं. कपाट म्हणजे आतून वर्खासारखा चकचकणारा कापडी तंबू. दोन फूट रुंद, दोन फूट खोल, माणसाच्या खांद्याइतका उंच. टोरांटोजवळच्या त्याच्या घरात, बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी उभा केलेला. आत एक दिवा, एक पंखा आणि गांजाची दोन झाडं. फुलोरा ऐन भरात आलेला आणि फांद्या कीर्तनात पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांसारख्या एकमेकींच्या अंगावर कललेल्या.

"मामा, सगळं लोळायला लागलंय. तुम्ही टोमॅटोला काय करता?"

नारायणगावकडे टोमॅटोची तारकाठी करण्यात माझी उमर गेली, म्हणून हा फोन मला. त्याच्या आईला मात्र अजून सांगितलेलं नव्हतं. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढ माणसाला घरात गांजा लावता येतो, एका घरात जास्तीत जास्त चार झाडं. क्वेबेकसारखा प्रांत तेही करू देत नाही. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने कुंडीतलं एक झाडसुद्धा गुन्हा आहे, तेव्हा इथल्या कुणी हे वाचून कुंडी आणायला धावू नये. मला रस गांजात नाही, त्या फांदीत आहे.

कारण हेच झाड हिमाचल-उत्तराखंडात रस्त्याच्या कडेला पुरुषभर उंच वाढतं आणि पावसावाऱ्यात ताठ उभं राहतं. त्याला कुणी काठी लावत नाही. मग खतपाणी, दिवा, सगळे लाड मिळालेलं कपाटातलं झाड का लोळतं?

पहिलं कारण म्हणजे त्याला वारा लागलेला नाही. १८०३ मध्ये थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागायतदाराने सफरचंदाच्या रोपांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही रोपं त्याने हलणार नाहीत अशी बांधली, काही वाऱ्यावर मोकळी सोडली. मोकळ्यांची खोडं जास्त जाड झाली. एक झाड तर त्याने असं बांधलं होतं की ते फक्त उत्तर-दक्षिण डोलू शकेल. त्याचं खोड गोल न राहता त्याच दिशेला फुगलं, १३ ला ११ या प्रमाणात. जिथे ताण, तिथे झाडाने लाकूड भरलं.

१९७३ मध्ये मार्क जाफी या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलं की वाऱ्याचीही गरज नाही. खोडाला रोज काही सेकंद बोटांनी चोळलं तरी झाड बुटकं आणि दणकट होतं. यातली गंमत १९९० मध्ये उघड झाली. जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस हे दोघे स्टॅनफर्डमध्ये एका मोहरीवर्गीय रोपट्यावर संप्रेरकं फवारून कोणती जनुकं जागी होतात ते बघत होते. जनुकं जागी झाली, पण नुसतं पाणी फवारलं तरी तीच जागी होत. औषधाचा काही संबंध नव्हता, रोपाला स्पर्श कळला होता, तोही अर्ध्या तासाच्या आत. त्यांतली काही जनुकं पेशीतल्या कॅल्शियमचा निरोप ओळखणारी प्रथिनं बनवतात. पेशी वाकली की कॅल्शियम आत घुसतं आणि झाडाला समजतं की आपल्याला कुणीतरी हलवतंय. झाड मग उंच जाणं आवरतं आणि जाडी भरतं.

ही जाडी फार मोलाची असते. खोडाचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १० मिलिमीटरचं खोड १२ मिलिमीटरचं झालं, तर डोळ्यांना फरक कळणार नाही, पण वाकायला ते दुप्पट जड जाईल. भाच्याने पंखा फुलोऱ्यानंतर लावला होता. तोवर खोडाची घडण होऊन गेलेली. पंखा रोप वीतभर असताना हवा, तोही पानं नुसती सळसळतील इतकाच.

दुसरं कारण गर्दी. शेजाऱ्याच्या पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात तांबडा रंग कमी आणि त्यापलीकडचा अतितांबडा जास्त असतो. झाड तेवढ्यावरून ओळखतं की आपल्यावर सावली पडणार, आणि शेजाऱ्याच्या वर डोकं काढायला लांब, किडकिडीत पेरं टाकतं. त्यात गांजा पडला रात्रीच्या लांबीवर फुलणारा, आपल्या शेवंतीसारखा. घरात बारा तास अंधार दिला की त्याला शरद आल्यासारखं वाटतं आणि फुलोऱ्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते जवळजवळ दुप्पट उंच होऊ शकतं. खांद्याएवढ्या तंबूत हा हिशेब कुणीच आधी करत नाही. आणि या सगळ्याच्या टोकाला वजन येतं, कारण नर झाडं काढून टाकलेली असतात. मादी फुलात बी धरत नाही, नुसती फुलावर फुलं चढत जातात.

आता ती फांदी म्हणजे एक पहार आहे असं समजून बघा. फांदी ६० सेंटिमीटर लांब, टोकाला १०० ग्रॅमचा ओला तुरा. फांदी आडवी झाली तर खोडाजवळच्या जोडाला बसणारा पीळ, म्हणजे वाकवणारा जोर, जोडापासून २ सेंटिमीटरवर ३ किलोचं वजन टांगावं तितका. शंभर ग्रॅमचे तीन किलो! फांदी उभी असते तोवर हा पीळ जवळजवळ शून्य, कारण वजन सरळ खाली उतरतं. तीस अंश कलली की तो आडव्याच्या निम्म्यावर जातो. म्हणजे कलल्याने पीळ वाढतो आणि पीळ वाढल्याने फांदी आणखी कलते. म्हणूनच संध्याकाळी बरी दिसलेली फांदी सकाळी कुंडीच्या काठावर टेकलेली सापडते.

औषधही याच हिशेबात आहे. मी त्याला सांगितलं, बुडाशी बांधू नको. त्याने खोडालगत बांबूची काडी खोचून तिथेच फास दिला होता. तो फास काही कामाचा नव्हता. ४० सेंटिमीटरवर आधार दिला तर पुढे फक्त २० सेंटिमीटर लोंबतं आणि पीळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. फांदीच्या दोनतृतीयांशावर धरायचं, तुऱ्याच्या थोडं खाली. शिवाय छोट्या कुंडीत काडी खोचली की मुळं तुटतात, आणि माती सैल असली तर काडीच झाडाच्या आधाराने उभी राहते.

अशा अडचणीच्या जागेत आधार वरून घेतलेला बरा. तिकडे छताच्या दांडीला अडकवायच्या स्प्रिंगच्या फिरक्या मिळतात. दोरा हवा तेवढा ओढायचा, आकडा फांदीखाली घालायचा. साधा दोराही चालतो. दुसरा उपाय जाळीचा. तळेगावकडच्या पॉलिहाउसमध्ये कार्नेशनला चौकोनी घरांची जाळी आडवी ताणतात, तशीच. पण ती फुलोऱ्याआधी ताणायला हवी, म्हणजे फांद्या एकेका घरातून वर येतात, पसरतात आणि तुऱ्यांमधून हवा खेळते. दाट तुऱ्यात ओल कोंडली तर करडी बुरशी धरते. ती द्राक्षालाही सोडत नाही. जाळीत एकच खोट आहे. एकदा ताणली की कुंडी हलत नाही, आणि मागच्या कुंडीला पाणी घालायला माणसाला साप व्हावं लागतं.

बांधायला त्याने बुटाची नाडी घेतली होती, करकचून. सालीच्या लगेच खाली साखर वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, आणि खोड थोडं जरी फुगलं तरी नाडी त्यांत रुतते. आम्ही सुतळीला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ देतो. एक फास काठीला आणि एक खोडाला, मध्ये तिढा. खोडाच्या फासात बोट जाईल इतकी जागा सोडायची. झाड पडत नाही, पण डोलतं. भाच्याला सुतळी मिळाली नाही, म्हणून जुन्या बनियनच्या पट्ट्या कापायला लावल्या. त्या सुतळीपेक्षा चांगल्या निघाल्या.

एक फांदी बांधताना जोडातून चिरली. ती तोडायला निघाला होता, पण चीर ओली होती आणि अर्धी साल शाबूत होती. जागेवर बसवून चिकटपट्टी गुंडाळायला सांगितली. दहा-बारा दिवसांत तिथे गाठ आली आणि फांदी फुलत राहिली.

महिन्याभराने पुन्हा फोन आला. झाडं कापून त्याच तंबूत वाळायला उलटी टांगली होती; आता फांद्या लोंबल्या तरी कुणाची तक्रार नव्हती. पंखा लावल्यापासून एकाच बाजूने लागत होता, म्हणून मी त्याला पंख्याजवळच्या झाडाचा बुंधा दोन्ही बाजूंनी मोजायला लावला. व्हर्निअर नव्हता, पट्टीच लावली. एकीकडून १६ मिलिमीटर, दुसरीकडून १५. पट्टीचीच चूक असेल, असं तो म्हणाला. मीही तेच म्हणालो, पण आकडा वहीत लिहून ठेवलाय.