हाताच्या कामाची पावणेदोनशे वर्षांची ओढ

खडबडीत चुन्याचा गिलावा, हातमागाचे पडदे, वेताचे दिवे, गाठी उघड्या ठेवलेलं लाकूड. घरसजावटीत सध्या हे सगळं नवं म्हणून येतंय. ही ओढ मात्र जुनी आहे आणि तिची सुरुवात एका नाराजीतून झाली.

1851 साली लंडनच्या हाइड पार्कात, काच आणि लोखंडाच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. यंत्रांमुळे नक्षी स्वस्त झाली होती, त्यामुळे ती जिथे तिथे चढवलेली दिसायची. कलासमीक्षक जॉन रस्किन यांचा आक्षेप अधिक खोल होता. कारागिराकडून यंत्रासारखी अचूकता मागितली की त्याच्यातला माणूस मरतो, हे त्यांनी याच सुमारास मांडलं.

ते इंग्लंडमधले कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी मनावर घेतलं. वास्तुरचनाकार मित्र फिलिप वेब यांच्याकडून त्यांनी लंडनजवळ ‘रेड हाउस’ बांधून घेतलं. त्यात शोभेल असं सामान बाजारात मिळेना, म्हणून मित्रमंडळींनी ते स्वतःच करायला घेतलं आणि 1861 मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. भिंतीच्या कागदासाठी मॉरिस यांनी काढलेलं पहिलं चित्र याच घराच्या बागेतल्या गुलाबांच्या जाळीवरून सुचलेलं होतं. त्यातले पक्षी वेब यांनी काढले.

पण त्यांचं खरं वेड रंगांचं. कारखानी रंगांना कंटाळून ते नीळ आणि मंजिष्ठेकडे वळले. स्ट्रॉबेरी पळवणाऱ्या पक्ष्यांचं त्यांचं कापड (1883) आजही जगभर छापलं जातं. मुळात ते करताना आधी पूर्ण कापड निळीत बुडवायचं, मग लाकडी ठशांनी रंग उडवणारं द्रव्य लावून नक्षीपुरती निळाई काढायची आणि त्या जागी लाल, पिवळा भरायचा. एकेका तुकड्यामागे कित्येक दिवस जायचे. साहजिकच ते महाग पडायचं. त्याच वर्षी मॉरिस समाजवादी संघटनेत गेले. सर्वांसाठी सुंदर वस्तू हव्यात म्हणणाऱ्या माणसाचं गिऱ्हाईक श्रीमंतच राहिलं, याची त्यांना खंत होती, आणि मला तरी ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चळवळीतला सर्वांत प्रामाणिक धागा हाच वाटतो.

आणखी एक गोष्ट विसरू नये. निसर्गाचं चित्र म्हणजे निसर्गस्नेही वस्तू, असं तेव्हाही नव्हतं. मॉरिस यांच्या सुरुवातीच्या काही कागदांतल्या हिरव्या पानांच्या रंगात आर्सेनिक होतं. त्यांच्या घराण्याला पैसा मिळवून देणाऱ्या डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स या खाणीतून तांब्याबरोबर तेच विष निघत असे.

पुढे ही लाट देशोदेशी फिरली. ब्रसेल्समध्ये वास्तुरचनाकार व्हिक्टर ओर्ता यांनी 1893 मध्ये एका घरात लोखंडालाच वेलीसारखं वळवलं. जपानमध्ये विचारवंत यानागी सोएत्सु यांनी अनामिक कारागिरांच्या रोजच्या वापरातल्या वाडग्या-टोपल्यांना मान दिला. त्यांचं संग्रहालय 1936 मध्ये टोकियोत उघडलं. फिनलंडमध्ये वास्तुरचनाकार अल्वार आल्टो यांनी पायमिओच्या क्षयरोग रुग्णालयासाठी खुर्ची घडवली ती वाकवलेल्या लाकडाची. पोलादी नळ्यांच्या फर्निचरची तेव्हा चलती होती, पण पोलाद अंगाला थंड लागतं.

1984 नंतर निसर्गाची बाजू आरोग्याच्या भाषेत मांडली जाऊ लागली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. त्याच वर्षी जीवशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी सजीवसृष्टीची ओढ माणसात उपजत असते, असं पुस्तकातून मांडलं. आजच्या ‘बायोफिलिक डिझाइन’ला, म्हणजे निसर्गाला घरात आणणाऱ्या रचनेला, नाव मिळालं ते इथून.

अभ्यास मोलाचा होता, पण तो झाडं दिसणाऱ्या खिडकीचा होता. आज त्याच्या आधारावर छापील लाकूडरेषांचं लॅमिनेटही विकलं जातं. त्यात तीच गाठ ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसते. ते स्वस्त असतं, पुसायला सोपं असतं, आणि तसं सांगून विकलं तर माझी काही तक्रार नाही.