लिव्ह अँड लायसन्स की रेंट ॲग्रीमेंट? बेळगावात घर भाड्यानं देणाऱ्यांसाठी

बेळगावात, खानापुरात नाहीतर निपाणीत घर भाड्यानं द्यायचं ठरलं की आपण मराठी माणसं मोबाईलवर मराठीत करारनामा शोधतो, आणि जे नमुने सापडतात ते जवळजवळ सगळे पुण्या-मुंबईचे असतात, वर 'लिव्ह अँड लायसन्स' लिहिलेलं, आत महाराष्ट्राच्या भाडे कायद्याचं नाव, मग तेच नाव-गाव बदलून बाँड पेपरवर छापायचं, नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि किल्ली देऊन टाकायची. कोल्हापूरचे पाहुणे पण सांगतात, आमच्याकडं हेच चालतंय. चालतंय की, पण तिकडं. शिनोळीला चंदगड तालुका लागला की राज्य बदलतंय आणि भाड्याचा कायदाही बदलतो, आणि हे लक्षात येतं ते थेट भाडेकरू घर सोडेना तेव्हा.

आधी दोन्हीतला फरक बघू. रेंट ॲग्रीमेंट म्हणजे भाडेपट्टा, कायद्याच्या भाषेत लीज. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट १८८२, कलम १०५. त्यात तुम्ही घराचा ताबा आणि वापरायचा हक्क ठराविक मुदतीसाठी समोरच्याला देऊन टाकता. लायसन्स म्हणजे फक्त परवानगी, इझमेंट्स ॲक्ट १८८२, कलम ५२. माणूस तिथं राहतो, वापरतो, पण कायद्याच्या नजरेत ताबा मालकाकडंच असतो, जागेत त्याचा हक्क तयार होत नाही. (आपल्याकडं लीज म्हटलं की लोकांना काही लाख एकरकमी घेऊन बिनभाड्यानं घर देणं आठवतं, ते प्रकरण वेगळं आहे, इथं त्याच्याबद्दल बोलत नाहीये.)

आता खरा मुद्दा, आणि हा मला प्रत्येक घरमालकाला सांगावासा वाटतो. कागदावर वर काय नाव लिहिलंय त्यावर हे ठरत नाही. सुप्रीम कोर्टानं १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या केसमध्ये सांगितलंय की नाव बघू नका, व्यवहार काय आहे ते बघा, आणि त्यात मोठी खूण म्हणजे जागेचा पूर्ण ताबा कुणाकडं आहे. म्हणजे टिळकवाडीत वरचा मजला स्वतंत्र जिन्यासकट एका कुटुंबाला दिला, कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची, तुम्ही वर जायचं तर बेल वाजवून जाता, तर वर लायसन्स लिहिलं तरी कोर्ट त्याला भाडेपट्टा धरण्याचीच शक्यता जास्त. उलट नेहरूनगरात मेडिकलच्या पोरांसाठी पीजी चालवता, खोलीत कॉट देता, साफसफाईला तुमचा माणूस रोज आत जातो, खोली बदलायचा अधिकार तुमच्याकडं आहे, ते खरं लायसन्स.

मग महाराष्ट्रात सगळे लायसन्सच का करतात? कारण तिकडच्या १९९९ च्या कायद्यात कलम २४ आहे, मुदत संपून माणूस निघाला नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं (म्हणजे यासाठीच नेमलेल्या अधिकाऱ्याकडं) अर्ज करू शकतो, आणि राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट रक्कम मागता येते. शिवाय कलम ५५ नं करार लेखी करून रजिस्टर करणं ही मालकाची जबाबदारी आहे, नाही केला तर शिक्षेची तरतूद आहे. ही सगळी सोय त्या राज्याच्या कायद्यातून आलेली आहे, 'लायसन्स' या शब्दातून नाही. बेळगावच्या कागदावर ते कलम लिहिलं म्हणून इथं तसला प्राधिकारी मिळत नाही.

कर्नाटकाचाही भाडे कायदा १९९९ चाच आहे, त्यामुळं गोंधळ अजून वाढतो. पण तो ठराविक मर्यादेपर्यंतच्या कमी भाड्याच्या घरांना लागू, भागाप्रमाणं महिना ३५०० किंवा २००० रुपये. आज बरा टू बीएचके त्यात कुठला बसणार? म्हणजे बहुतेक घरांचा विषय परत १८८२ च्या त्या जुन्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टकडं आणि दिवाणी कोर्टाकडं जातो.

११ महिने का, असं कायम विचारतात. रजिस्ट्रेशन ॲक्ट १९०८ प्रमाणं एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो, ते टाळायला ११ महिने. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे बरं का. तीन वर्षांचा करार नुसता नोटरी करून ठेवला तर ती तीन वर्षांची अट कोर्टात टिकवणं अवघड, मग महिन्या-महिन्याची भाडेकरारी धरतात आणि ती मोडायला ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम १०६ प्रमाणं १५ दिवसांची लेखी नोटीस. दुसरं, ११ महिने संपले, नवीन कागद केला नाही, आणि तुम्ही फोनपेवर भाडं घेतच राहिलात, तर त्याच ॲक्टच्या कलम ११६ नं भाडेकरारी आपोआप चालू राहते. हे तर घराघरात होतंय. मुदत संपायच्या आधीच कागद नवा करा नाहीतर नोटीस द्या.

भाडं थकलं म्हणून कुलूप लावलं तर? लावू नका, कृपा करून. कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढलेला भाडेकरू स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि तिथं मालकी कुणाची हे विचारतच नाहीत. घर विकलं तरी भाडेकरू उठत नाही, नवीन मालकाला तो भाडेपट्ट्यासकट मिळतो, म्हणून घेणाऱ्याला आधीच सांगायला पाहिजे. लायसन्स मात्र व्यक्तीपुरतं, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

रिपेरीवरून सगळ्यात जास्त वाद. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टमध्ये मालकानं दुरुस्ती करायचीच असं सरसकट कुठं नाही, तुम्हाला माहीत असलेला आणि वरवर न दिसणारा मोठा दोष सांगणं मात्र बंधनकारक आहे. बेळगावचा पाऊस ठाऊक आहेच, स्लॅब गळतो हे मे महिन्यात लपवून दिलं तर जुलैत तुमच्याच अंगावर येणार. म्हणून गळती, मोटर, ड्रेनेज मालकाकडं, नळ-बल्ब भाडेकरूकडं असं स्पष्ट लिहा. आणि जे तुमच्याकडं लिहिलंय ते भाडेकरूनं कळवूनही वेळेत केलं नाही, तर तो स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, कलम १०८. त्याच कलमात नेहमीच्या वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही असंही आहे, तेव्हा भिंतीचा रंग फिका पडला म्हणून डिपॉझिट कापणं मला तरी पटत नाही. किल्ली देताना खोल्यांचे फोटो काढून दोघांनी व्हॉट्सॲपवर ठेवले की वाद निम्मा मिटतो.

राहिलं करंट बिल. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, भाडेकरूलाही लाभ मिळतो, तुमच्या मीटरचा आरआर नंबर (वीज जोडणीचा नंबर) त्याच्या आधारला जोडून. तो नंबर द्यायला मालक काचकूच करतात, कशाला? त्यानं घरावर हक्क येत नाही, भाडेपट्ट्यानं जेवढा यायचा तेवढा आधीच दिलाय. फक्त घर सोडताना त्याला डी-लिंक करायला लावा, म्हणजे पुढच्या भाडेकरूला जोडता येईल, आणि शेवटचं हेस्कॉमचं बिल बघूनच डिपॉझिट परत करा.