खैर : रासायनिक घटक व प्रतिऑक्सिडीकारक क्रिया

खैर (सं. खदिर, कुल–लेग्युमिनोसी, उपकुल–मिमोजॉइडी) हा साधारणतः ९ ते १२ मी. उंचीचा काटेरी, पानझडी वृक्ष असून खानदेशात तो सातपुड्याच्या शुष्क वनांत, धडगाव–तोरणमाळपासून यावलपर्यंत, अंजन, धावडा व सालई यांच्या सोबतीने आढळतो. जून सालीचे लांबट ढलपे सुटतात. पानाच्या तळाशी आकड्यासारख्या काट्यांची जोडी असते.

धाकट्या लिनीअसने (प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअसच्या मुलाने) १७८२ च्या सुमारास मिमोजा वंशात वर्णिलेली ही जाती पुढे अकेशिया वंशात गेली व अलीकडे सेनेगालिया कॅटेचू या नावाने ओळखली जाते. दख्खनच्या बाजूचा खैर मात्र अनेक अभ्यासक सुंद्रा हा प्रकार, तर काही स्वतंत्र जाती मानतात. पुष्पकोश, पाकळ्या व फुलोऱ्याचा दांडा केसाळ असल्यास कॅटेचू, तिन्ही केशहीन असल्यास सुंद्रा, आणि केवळ दांड्यावर लव असल्यास कॅटेचूऑइडिस, असा भेद केला जातो. खानदेशातील वृक्ष सुंद्राच्या जवळचे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. रासायनिक तपासणीसाठी नमुना घेताना ही नोंद फुलोऱ्यासह ठेवणे अगत्याचे आहे, कारण नुसत्या लाकडाच्या तुकड्यावरून प्रकार ठरविता येत नाही.

गाभ्याच्या लाकडात कॅटेचीन व एपिकॅटेचीन ही फ्लॅव्हॅनॉले आणि टॅनिने मुख्य असून टॅक्सिफोलिन, क्वेर्सेटिन यांसारखी फ्लॅव्होनॉइडेही आढळतात. कॅटेचीन (C₁₅H₁₄O₆) गरम पाण्यात सहज, पण थंड पाण्यात अल्प विरघळते. त्यामुळे या लाकडाच्या ढलप्यांचा काढा आटवून निवविल्यावर काथ खाली बसतो व टॅनिनयुक्त काळपट द्रव वर राहतो. या रेणूच्या एका वलयावर शेजारी-शेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल (OH) गट मुक्त मूलकांना (एकाकी इलेक्ट्रॉनामुळे अतिक्रियाशील असलेल्या कणांना) हायड्रोजन देतात, तसेच लोहासारख्या धातूंचे आयन बांधून ठेवतात. प्रतिऑक्सिडीकारक (ऑक्सिडीभवन रोखणाऱ्या) क्रियेचे हेच मूळ होय. विड्यात चुन्याच्या अल्कधर्मी संयोगाने काथ लाल होतो, तेव्हा हीच संयुगे स्वतः ऑक्सिडीभूत होत असतात. रसायनशाळेबाहेर हा गुण इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल.

परीक्षानळीत डीपीपीएच या जांभळ्या मूलकाचा रंग अर्क किती उतरवितो हे मोजले जाते. ही कसोटी सोपी व पुनरावृत्तीस योग्य असली, तरी कॅटेचिनांचे आतड्यातून शोषण मर्यादित असते आणि यकृतात त्यांचे रूपांतर होते, म्हणून तिच्यावरून औषधी गुणाचा थेट निष्कर्ष काढू नये. चरकसंहितेत खदिर कुष्ठघ्न (त्वचाविकारनाशक) गणात येतो; खदिरारिष्ट त्वचाविकारांवर, तर खदिरादी वटी मुख व घशाच्या विकारांवर देतात. या उपयोगांत काथाचा स्तंभक (ऊतके आकसविणारा) गुणही तितकाच महत्त्वाचा असावा.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात सुपारी, तसेच तंबाखूविरहित सुपारीयुक्त विडा कर्ककारक ठरविला असल्याने, काथाच्या प्रतिऑक्सिडीकारक गुणामुळे असा विडा निर्धोक ठरत नाही.