मशीननं घासलेलं कानातलं

पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेला मिनी ग्राइंडर मी पहिल्यांदा चालवला तो भाचीच्या कानातल्यावर. पॉलिमर क्लेचं, जांभळं, रुपयाएवढं. ओव्हनमधून निघालं तेव्हा त्यावर तिच्या बोटाचे ठसे तसेच होते. म्हटलं, घासून काढू, त्यात काय! ठसे गेले खरे, पण त्या जागी चिकट सुरकुती आली आणि कडेला बारीक तारा सुटल्या.

"मामा, हे वितळलंय."

वितळलं नव्हतं, मऊ पडलं होतं. कसब्यातल्या कुंभाराची माती एकदा भाजली की पुन्हा ओव्हनमध्ये कितीही तापवा, मऊ होत नाही. पॉलिमर क्ले मात्र फक्त नावाची माती. मुळात ते पीव्हीसी, म्हणजे नळाच्या पाइपाचंच प्लॅस्टिक. त्याचे बारीक कण प्लॅस्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवलेले असतात. साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअसला कण तो द्रव पिऊन फुगतात आणि एकमेकांत मुरतात. निव्वळ पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, प्लॅस्टिसायझर असला की त्याच्याही आधी.

आता मशीनचा हिशेब. 20 मिलिमीटर व्यासाचं टोक मिनिटाला 15,000 फेरे घेतं, तेव्हा त्याची कड सेकंदाला जवळपास 16 मीटर धावते. म्हणजे ताशी 56 किलोमीटर. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर हा वेग कुणी गाठून दाखवावा! हातानं घासताना आपण सेकंदाला अर्धा मीटर सरकतो. दाब तेवढाच ठेवला तर मशीननं दर सेकंदाला होणारी उष्णता तीसपट. बरं, ती जाणार कुठे? तांबट आळीतल्या भांड्यात ती क्षणात सगळीकडे पसरली असती. तांबं पीव्हीसीच्या साधारण दोन हजारपट उष्णता वाहून नेतं. प्लॅस्टिकमध्ये ती घासल्या जागीच साचते.

म्हणून वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. पाणी पृष्ठभाग थंड ठेवतं, कागदाच्या दाण्यांत अडकलेला भुगा धुऊन काढतं आणि धूळ नाकात जाऊ देत नाही. वायरवाल्या मशीनला पाणी लावायचं नाही, शॉक बसेल. त्यामुळे ओलं काम हातानंच. कोरडं मशीन लावायचंच असेल तर वेग सगळ्यात कमी, टोक एका जागी टेकवून ठेवायचं नाही, आणि तोंडाला मास्क.

कागदाच्या नंबरांचा क्रम 400, 600, 800, 1000, मग 2000. 400च्या कागदाचे दाणे सुमारे 35 मायक्रॉनचे, 2000चे 10च्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आधीच्या कागदाचे ओरखडे पुढच्यानं पुसायचे. मधला नंबर गाळला की खोल ओरखडे राहून जातात आणि ओल्या कानातल्यावर दिसतही नाहीत, कारण पाणी ते भरून टाकतं. मी 600वरून थेट 2000वर गेलो होतो, वाळल्यावर कळलं.

मशीनचं खरं काम शेवटी, बफचं, म्हणजे चकाकी आणणाऱ्या कापडी चकतीचं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन. उंचवटे त्याहून बरेच लहान झाले की प्रकाश विखुरत नाही, आरशासारखा एका दिशेनं परततो. इथे थोडी ऊब चालते, बफ मात्र फुंकर घातल्यासारखा हलका लावायचा.

दुसऱ्या जोडीत आमच्या खिडकीचे गज दिसले, किंचित वाकडे.

"मामा, पण हे आधीच्यापेक्षा लहान झालंय."

घासताना तेवढं निघून गेलं होतं.